छत्तिसाच्या वर

टाकीच्या अंगाला मनगटाची आतली बाजू लावून दशरथ उभा राहिला की आजूबाजूची माणसं बोलणं थांबवत. टाकीवर तापमानाचा काटा होता, ऑफिसात कॉम्प्युटरवर आकडे हलत होते, तरी हा बाबा दर तासाला चारही टाक्यांना हात लावून यायचा. बाटलीतलं दूध बाळाला देण्याआधी आई हातावर थेंब टाकून बघते, तसं. मग म्हणायचा, "बत्तीस. बरं चाललंय." काटाही बत्तीसच दाखवत असायचा. एखाद्या वेळी काट्यात आणि मनगटात फरक पडला तर दुरुस्तीवाला काटा खोलायचा, आणि बिघाड काट्यातच निघायचा.

जयपूरमधून झोटवाडा मागं टाकून कालवाडच्या रस्त्यानं तीसेक किलोमीटर गेलं, की डाव्या हाताला खेजडीच्या झाडांमधून एक कच्ची वाट आत जाते. त्या वाटेच्या टोकाला हा प्लांट. मक्यापासून स्पिरिट काढायचं आणि पेट्रोलमध्ये मिसळायला टँकरनं पाठवायचं, एवढंच तिथलं काम. मका दळायचा, त्याची पातळ पेज शिजवायची, ती निववून टाकीत सोडायची आणि तिच्यात यीस्ट घालायचं. पुढचे अडीच दिवस जे करायचं ते यीस्टनं. माणसानं फक्त त्याला गरम होऊ द्यायचं नाही.

आणि तेच तर अवघड. यीस्ट पेजेतली साखर खातं, तिचं स्पिरिट करतं, आणि खाताखाता स्वतःच तापतं. बत्तीसवर ते खुशीत असतं. चौतीसला त्याला धाप लागते. छत्तिसाच्या वर गेलं की मरायला लागतं, आणि ते मरायला लागलं की आंबवणारे जंतू टाकीचा ताबा घेतात. मग दोन लाख लिटर पेज नाल्यात सोडण्यापलीकडं कुणाच्या हातात काही उरत नाही. म्हणून टाकीतली पेज पंपानं बाहेर काढून थंड पाण्याच्या पत्र्यांमधून फिरवायची आणि पुन्हा टाकीत सोडायची. ते थंड पाणी यायचं कूलिंग टॉवरवरून, आणि टॉवर होता कानारामच्या ताब्यात.

कानाराम साठीला टेकलेला, त्याच ढाणीतला माणूस. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, पंधरावीस घरांची. तरुणपणी तो बनी पार्कमधल्या हॉटेलांत कूलरला वाळा भरायचा, वाळ्याच्या ताट्या विणायचा. प्लांट झाला तेव्हापासून टॉवरवर. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं. पाणी हातात घेऊन किती थंड आहे ते मात्र सांगायचा. दशरथ मनगट लावणारा आणि हा ओंजळ भरणारा, असे दोघं जोडीदार झाले होते. दुपारी टॉवरच्या सावलीत दोघं एकत्र जेवत. काना घरून ताकाचा लोटा आणायचा, अर्धं ताक दशरथच्या भांड्यात ओतायचा आणि म्हणायचा, "पी ल्यो, मास्टरजी. लू कोनै लागै." लू म्हणजे उन्हाळ्यातला जाळणारा वारा, ताक प्यालं की तो बाधत नाही. दशरथला राहायला दोन खोल्या मिळवून दिल्या त्याही कानानंच.

दशरथ नेवाशाकडचा. एका सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीत बावीस वर्षं काढली, ती बंद पडली. मग कर्नाटकात बागलकोटकडं तीन वर्षं, तिथं मालक बदलला. आता हे जयपूर, इथला हा पहिलाच उन्हाळा. वय बावन्न. तिकडं मळी होती आणि हंगाम थंडीचा असायचा. इथं मका, आणि भट्टीगत तापलेल्या मे महिन्यातही काम बंद नाही. नोकरी कंत्राटी, दर तीन महिन्यांनी कागद बदलायचा. एप्रिलच्या शेवटी शेठ टाक्या बघायला आले तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "मास्टरजी, जून निकाल दो. एक भी टंकी खट्टी नहीं हुई, तो एक जुलाई से पक्के."

हे घरी सांगितलं तेव्हा मंदाकिनी, त्याची बायको, फाटकी पोती शिवत बसली होती. मक्याची रिकामी पोती प्लांटमधून घरी यायची, ती ठिगळं लावून परत द्यायची, हे तिचं काम. दाभण पोत्यात तसंच ठेवून ती म्हणाली, "व्हा बाबा पक्के. आता तिसऱ्यांदा भांडी नाय उचलायची मी. सांगून ठेवते."

"न्हाई उचलावी लागणार."

"बागलकोटला बी आसंच म्हनले व्हते."

ते खरंच होतं.

मे महिना असा आला की विचारू नका. सकाळी नऊला प्लांटच्या लोखंडी जिन्याला हात लावता येत नव्हता. पंचेचाळीस झालं, सेहेचाळीस झालं. कुत्री टँकरच्या चाकांखाली जाऊन पडायची. जवळपासच्या दोन प्लांटांनी टाक्या बंद ठेवल्याची बातमी आली. दशरथनं बंद ठेवल्या नाहीत. तो टाकी पाऊणच भरायचा, यीस्टला एकदम सगळी पेज न देता थोडी थोडी द्यायचा, लहान पोराला घास भरवावेत तशी. डोक्याला ओलं फडकं, पायात बूट, बुटात घामाचं पाणी. घरी आला की मंदाकिनी त्याच्या तळपायाला तेल लावायची. कातडी सोलून निघाली होती. पण एकही टाकी चौतीसच्या वर गेली नाही. मे संपला, अर्धा जून संपला, आणि आजूबाजूला त्याचं नाव झालं. खमीरवाले मास्टरजी, म्हणजे यीस्टवाले. परीक्षित नावाचा पुण्याचा तरुण मॅनेजर होता, मानसरोवरमध्ये राहायचा आणि रोज गाडीनं यायचा. त्यानं तर दशरथचा टाकीला मनगट लावलेला फोटो काढून शेठला पाठवला.

दशरथला हे आवडलं. का आवडू नये? बावन्न वर्षांत त्याचा फोटो कामासाठी कुणी काढला नव्हता. आपल्या हातात काहीतरी आहे, असं त्याला वाटायला लागलं, आणि त्या वाटण्यात एक गोष्ट त्याच्या ध्यानातून पार निघून गेली. बाहेर सेहेचाळीस असताना कानाच्या टॉवरवरून पाणी सत्तावीसवर येत होतं. पश्चिमेची लू हाडासारखी कोरडी होती. कोरड्या वाऱ्यात पाणी शिंपडलं की ते गार पडतं. घरातला कूलर तेच करतो, माठ तेच करतो, आणि टॉवर म्हणजे तरी काय, चार मजली कूलर. उन्हाळ्यानं त्या प्लांटला जेवढं भाजलं तेवढंच सांभाळूनही घेतलं होतं.

अठरा जूनला वारा पडला. एकोणीसला पूर्वेकडून ढग आले.

दशरथ सकाळी अंगणात उभा राहून आभाळाकडं बघत राहिला. दीड महिन्यानं डोळे न मिटता वर बघता येत होतं. मोबाइलवर आजचं कमाल तापमान अडतीस दाखवत होतं. सेहेचाळीसवरून अडतीस! त्याच्या गावाकडं असं आभाळ भरून आलं की माणसं सुस्कारा टाकतात, संपला एकदाचा उन्हाळा म्हणतात. त्याच्या छातीतही तसाच सुस्कारा होता.

आतून सुवर्णा ओरडली. ती त्याची मुलगी, इथंच हिंदीतून बारावी झालेली. "पप्पा, कूलर बंद करू का? मतलब, सगळं चिपचिप होतंय. उमस आहे ना."

"चालू राहू दे की. गार हाय आज."

"कुठं गार? अंग पुसलं तरी घाम."

मंदाकिनी माठातून तांब्या भरून आली. "पानी बी कोमट लागतंय आज. माठ बदलाय पायजे. झिरपायचा बंद झाला वाटतं." तिनं मिठाची बरणी दाखवली, मिठाला पाणी सुटलं होतं. शिवून ठेवलेल्या पोत्यांना कुबट वास येत होता.

दशरथनं हे सगळं ऐकलं, पाहिलं, आणि चहा पिऊन कामाला गेला. घरच्या कूलरचा आणि कामावरच्या टॉवरचा संबंध त्याच्या डोक्यात जुळला नाही. ढग म्हणजे गारवा, हे त्याला लहानपणापासून इतकं ठाऊक होतं की त्यावर विचार करायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

प्लांटच्या फाटकातच परीक्षितनं गाठलं. "दशरथराव, शेठचा फोन होता. डेपोला माल कमी पडतोय, टँकर उभे आहेत. बाहेरचं टेंपरेचर आठ डिग्रीनं उतरलंय. चारही टाक्या फुल घ्यायच्या का? तुम्ही म्हणाल तसं मी मेल करतो."

"पूर्ण?"

"पूर्ण. मे महिन्यात पाऊण टाकी चालवलीत तुम्ही. आता काय हरकत आहे?"

दशरथनं आभाळाकडं पाहिलं. ढग अजून दाट झाले होते. "भरा," तो म्हणाला.

कानाराम टॉवरच्या जिन्यावर बसला होता. त्यानं ते ऐकलं आणि उठून आला. डोक्यावरचा पांढरा साफा काढून त्यानं मान पुसली. "मास्टरजी, हवा पलटगी. पुरवाई छै." पुरवाई म्हणजे पूर्वेची दमट हवा.

"हाँ काना, अब आराम हो गया."

"आराम कोनै, साब. पुरवाई में टावर काम कोनै करै. आज पाणी तेहतीस छै. हाथ घाल'र देखल्यो. आधी टंकी भरो."

आता खरं तर हात घालून बघायला काय हरकत होती? टॉवर चाळीस पावलांवर होता. पण परीक्षित बाजूला उभा होता, हातात मोबाइल, मेल लिहायला तयार. दीड महिना ज्याला सगळे मास्टरजी म्हणत होते त्यानं एका अडाणी टॉवरवाल्याच्या सांगण्यावरून शब्द फिरवायचा? दशरथ हसला. कानाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अरे, छियालीस में निकाल दिया, अड़तीस से डरता है क्या?" परीक्षितही हसला. काना नाही हसला. त्यानं साफा पुन्हा डोक्यावर गुंडाळला आणि टॉवरकडं निघून गेला.

संध्याकाळपर्यंत चारही टाक्या काठोकाठ भरल्या, यीस्ट पडलं आणि फेस चढायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दशरथनं पहिल्या टाकीला मनगट लावलं आणि लगेच उचललं. मग पुन्हा लावलं. काटा बघितला. साडेचौतीस. दुसरी पस्तीस. तिसरी चौतीस. चौथी पस्तीस पूर्णांक दोन. यीस्ट आत्ता कुठं जोरात आलं होतं, अजून दुपार व्हायची होती. वाऱ्याची झुळूक नव्हती आणि आभाळ तसंच भरून लोंबत होतं. पाण्याचा एक थेंब पडत नव्हता.

तो पळत टॉवरवर गेला. खालच्या हौदात हात घातला. पाणी कोमट. अंघोळीला काढावं इतपत कोमट. काना शेजारी उभा होता. "मी सांगितलं होतं" असं तो म्हणाला नाही. तो एवढंच म्हणाला, "चौंतीस छै."

मग त्या दिवशी जे काही सुरू झालं त्याला काम म्हणावं की धावाधाव, कोण जाणे. झोटवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातून टेंपो भरून लाद्या मागवल्या. त्या येईपर्यंत चौथी टाकी छत्तीसला पोचली. माणसांनी लाद्या खांद्यावर घेऊन हौदात टाकल्या. खांद्यावरची पोती भिजून पाठीला चिकटली, बोटं बधिर झाली, आणि चेहऱ्यावरून घाम तर वाहतच होता. बर्फ अर्ध्या तासात विरघळून गेला. पाणी एका अंशानं उतरलं आणि पुन्हा चढलं. दुसरा टेंपो सांगितला तर कारखान्यानं माल संपला म्हणून कळवलं, त्या दिवशी सगळ्या जयपूरला बर्फ हवा होता.

मंदाकिनीला कळलं तशी ती शिवलेली पोती डोक्यावर घेऊन आली, मागं सुवर्णा. पोती बोअरच्या पाण्यात भिजवून टाक्यांच्या अंगावर टाकायची आणि वरून नळी सोडायची, ही दशरथची कल्पना. ढाणीतल्या चार बायाही आल्या, त्यांत कानारामची घरवाली होती. ओलं पोतं दहा किलोचं होतं. बाया जिन्यानं ते वर न्यायच्या, टाकीवर टाकायच्या, खाली यायच्या. त्या हवेत पोती सुकत नव्हती, म्हणून गारही पडत नव्हती. नुसती टाकीला चिकटून लोंबायची. सुवर्णा एकदा जिन्यातच बसली आणि ओकली. मंदाकिनीनं तिचं तोंड धुतलं, सावलीला बसवलं आणि पुढचं पोतं स्वतः उचललं.

पावणेदोनला दशरथ टॉवरखाली उभा राहून ओरडला, "काना! दो नंबर का पंखा बंद कर! हौद खाली कर, गरम पानी छोड़ दे, बोअर का ताजा पानी भर!"

काना म्हणाला, "साब, बोअर को पाणी भी इत्तो ई गरम छै. अर भरबा में डेढ़-दो घंटा लागसी."

"अरे, मैं बोल रहा हूँ ना!"

कानानं पंखा बंद केला. हौद रिकामा करून पुन्हा भरायला पावणेदोन तास लागले. बोअरचं पाणी बत्तीस होतं. त्यानं काय होणार?

चारला चौथी टाकी एकोणचाळीसला पोचली. दशरथ जिन्यानं वर चढला आणि झाकणाच्या खिडकीतून आत बघितलं. काल संध्याकाळी हातभर फेस होता, वरखाली होत होता, आतून शिट्टीसारखा आवाज येत होता. आता फेस बसला होता. काळसर पिवळं पाणी निवांत पडलं होतं. त्यानं कान टाकीला लावला. कान भाजला, पण त्यानं तो काढला नाही. काहीच ऐकू येत नव्हतं. त्यानं पंचवीस वर्षं हे काम केलं होतं आणि चालू टाकी अशी मुकी झालेली त्याला माहीत नव्हती. मग खिडकीतून पहिल्यांदा तो आंबट वास आला, आणि दशरथला रडू फुटलं. वर कुणी नव्हतं, म्हणून तो रडला.

दुसऱ्या दिवशी तपासणीत चारही टाक्यांत स्पिरिट साडेपाच टक्क्यांच्या पुढं सरकलेलं नव्हतं. अकरा हवं होतं. आंबटपणा तिप्पट. चौथी आणि दुसरी पूर्ण सोडून द्यावी लागली, बाकीच्या दोन निम्म्या. नाल्याला तीन दिवस उंबऱ्यापर्यंत येईल असा वास होता. ढाणीतल्या म्हशी त्या बाजूला जाईनात.

बावीस तारखेला शेठ आले. ऑफिसात एसी चालू होता, आणि घामानं भिजलेला दशरथ दाराजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या कुडकुडायला लागला. परीक्षित टेबलाच्या पलीकडं, समोर लॅपटॉप. त्याचा चेहरा उतरला होता. चारही टाक्या पूर्ण भरण्याची मेल त्याच्या नावानं गेली होती. शेठ तापमानाच्या नोंदवहीची पानं उलटत होते. आवाज चढवत नव्हते. त्यांचं आवाज न चढवणंच जास्त भीती घालत होतं.

"छियालीस में एक टंकी नहीं बिगड़ी," ते म्हणाले. "अड़तीस में चार बिगड़ गईं. ये कैसे हो सकता है? बिगाड़ी है किसी ने."

त्यांनी पुढचं पान उलटलं.

शेठचं बोट वहीवर एका जागी थांबलं. "ये क्या है? दो नंबर का पंखा. पौने दो से साढ़े तीन बंद. इतनी गर्मी में पंखा बंद किसने किया?"

परीक्षितनं लॅपटॉपकडं बघत सांगितलं, "टॉवर ऑपरेटरनं... ऑपरेटर ने बंद किया था, सर."

हे शब्दाला शब्द खरं होतं. पंख्याचं बटण कानानंच दाबलं होतं.

शेठनं मान वळवली. "मास्टरजी?"

दशरथला त्या क्षणी सगळं स्पष्ट दिसलं. तीन शब्द होते. मैंने कहा था. त्या आधीचेही होते, काना मना कर रहा था. पंखा बंद केल्यानं टाक्या गेल्या नव्हत्याच. पंखा बंद झाला तेव्हा यीस्ट अर्धं मेलेलं होतं. हे परीक्षितला माहीत होतं आणि दशरथला माहीत होतं. एवढं बोललं की झालं. पण मग एक जुलै नव्हता. मग पुन्हा ट्रक, पुन्हा भांडी, बावन्नाव्या वर्षी पुन्हा कुठल्या तरी फाटकाशी अर्ज घेऊन उभं राहायचं, आणि परवा जिन्यानं ओलं पोतं वर नेणारी मंदाकिनी.

"बंद तो था, सेठजी," तो म्हणाला.

शेठनं वही मिटली. अर्ध्या तासात कानाला फाटकावर बोलावून सांगितलं गेलं की उद्यापासून येऊ नको. का ते कुणी नीट सांगितलं नाही. त्यानं टॉवरखालच्या खुंटीवरची पिशवी घेतली, लोटा घेतला आणि तो चालत घरी गेला. दशरथ तेव्हा लॅबच्या खिडकीशी होता. त्यानं पाठमोरा पाहिला त्याला. लाज अशी वाटली की खिडकी लावून घ्यावी, आणि त्यानं ती लावली.

शेठनं जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपकी मेहनत मैंने देखी है, मास्टरजी. औरतों तक को लगा दिया आपने. एक जुलाई का कागज मैं भेज दूँगा."

घरी त्यानं मंदाकिनीला एवढंच सांगितलं, "पक्कं झालं."

ती दाभण ओवत होती. तिच्या तळहाताला पोत्यांनी फोड आले होते, ते फुटून लाल झाले होते. "टाक्या नाल्यात गेल्या आन् तरी पक्कं?"

"व्हय."

"मंग इपरीत कुनावर आलं?"

दशरथ पाय धुवायला उठला. ती त्याच्याकडं बघत राहिली.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, कानाराम आला. स्वच्छ धोतर, नवा साफा, जणू कुणाच्या लग्नाला. हातात ताकाचा लोटा. दाराबाहेरच उकिडवा बसला. दशरथला वाटलं आता हा शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"राम राम, मास्टरजी," काना म्हणाला. "मन्नै काढ़ दियो."

"हाँ... सुना मैंने."

"काईं बात पे काढ़्यो, बेरो कोनै. बाबूजी बोल्या, पंखो." का काढलं ते त्यालाच उमगलं नव्हतं. "थे तो जाणो छो. थारे कह्यां सूं बंद कर्यो. सेठ नै या बात बताई कोनै कोई. थे कोनै छा न वठै?"

थे कोनै छा न वठै. तुम्ही नव्हता ना तिथं? काना हे टोमणा म्हणून विचारत नव्हता. त्याच्या मनात तसलं काही नव्हतं. मास्टरजी तिथं असते तर असं झालंच नसतं, हे त्यानं वाटेनं येताना स्वतःशी पक्कं करून टाकलं होतं.

दशरथनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"सेठ थारी मानै छै," काना म्हणाला. "एक बार बोल द्यो. बस. अठे और कठे काम छै, इं उमर में?" आणि त्यानं ताकाचा लोटा उंबऱ्यावर ठेवला.

"बोलूँगा, काना," दशरथ म्हणाला. "सोमवार को बोलता हूँ."

कानाचा चेहरा उजळला. मंदाकिनीनं चहा दिला, तो त्यानं बशीत ओतून फुर्र करून प्यायला. सुवर्णाची तब्येत विचारली. पुरवाई आणखी चार दिवस राहील, लेकराला दुपारी बाहेर सोडू नका, म्हणाला. मग हात जोडून निघाला. तो बांधाच्या पलीकडं गेला.

"बोलनार का?" मंदाकिनीनं विचारलं.

दशरथ लोट्याकडं बघत होता.

"म्या इचारते, तुम्ही व्हता ना तिथं?"

"व्हतो."

मंदाकिनी खाली बसली. तिनं तळहात मांडीवर उताणे ठेवले, फोड वर करून. मग म्हणाली, "तिसऱ्यांदा भांडी उचलली आसती म्या. सांगायचं तरी मला."

काना सोमवारी आला, तेव्हा दशरथ घरी नव्हता. बुधवारी आला, तेव्हा दशरथ आतल्या खोलीत होता आणि झोपलाय म्हणून सुवर्णाला सांगायला लावलं. एक जुलैला कागद आला. त्यावर शेठची सही होती आणि दशरथचं नाव पूर्ण लिहिलेलं होतं, वडिलांच्या नावासकट. मंदाकिनीनं तो वाचला नाही. फ्रिजवर ठेवून दिला.

टॉवरवर झोटवाड्याहून एक नवा माणूस आला होता. त्याला पाण्यात हात घालायची सवय नव्हती, तो मोबाइल बघत बसायचा. दशरथनं आता टाक्या अर्ध्याच भरायला सांगितल्या. परीक्षितनं तशी मेल केली. दोघं एकमेकांकडं बघायचंही टाळत होते.

कानाचं घर प्लांटच्या सरळ वाटेवर होतं, आणि तो सकाळी ओट्यावर बसलेला असायचा, साफा बांधून, जणू आता बोलावणं येईल. दशरथ आता तिकडून जात नाही. तो मागच्या बाजूनं, शेतांच्या बांधावरून जातो. त्या वाटेनं वीस मिनिटं जास्त लागतात.